अमृतराव अण्णा आणि निलगिरीचं दार

अमृतराव अण्णांना कॉफीला बोलावलं की आमच्या अपार्टमेंटमधली माणसं आधी फर्निचरवर चादरी टाकतात. कारण अण्णा घरात शिरले की माणसांकडे बघतच नाहीत. आधी डोळे मिटतात. मग हाताची मागची बाजू टेबलावरून फिरवतात, नखानं कडेवर एक रेघ ओढतात, वाकून वास घेतात आणि मालकाला निकाल सांगतात. निकाल पाच श्रेणींत असतो. पहिली म्हणजे उत्तम, पाचवी म्हणजे चुलीत घाला.

आम्ही नागपूरहून नुकतेच इथे सर्जापूर रोडला राहायला आलो होतो. मी मोठ्या हौसेनं ऑनलाइन डायनिंग टेबल मागवलं होतं. अण्णांनी त्याच्यावरून हात फिरवला आणि डोळे उघडून माझ्याकडे असं बघितलं, जसं डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात.

"मृणालम्मा, हे लाकूड नाही गे. हा लाकडाचा फोटो आहे."

"म्हणजे?"

"आत भुसा आणि गोंद. वरून सागाचा फोटो चिकटवलाय."

"मग कितवी श्रेणी?"

"याला परीक्षेलाच बसवणार नाही मी."

मग त्यांनी त्याच टेबलावर बसून दोन कप कॉफी प्यायली, आणि कॉफीला मात्र दुसरी श्रेणी दिली.

अण्णांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलं. त्यांच्या मराठीत 'स्वल्प' म्हणजे जरा आणि 'सरी' म्हणजे बरं, हे इकडचे शब्द इतके मुरलेत, की ते मराठी नाहीत हे त्यांना सांगितलं तर ते रागावतात. माझं मराठी त्यांना फार इंग्रजी वाटतं. "तुझ्या बोलण्यातले तंतू उपटलेत गे," असं ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले. तंतू उपटणं हा लाकडाचा दोष. रंधा उलट्या रेषेवरून गेला की लाकडाची साल सोलल्यासारखी निघते आणि खड्डे पडतात. हे मला नंतर कळलं. आधी मला वाटलं, माझा अपमान झाला. कळल्यावरही तसंच वाटलं.

नोकरीतली सगळी वर्षं अण्णांनी एका लाकडाच्या प्रयोगशाळेत काढली. काम एकच. नव्या जातीचं लाकूड आलं की त्याच्या सारख्या मापाच्या पट्ट्या करायच्या. मग त्या रंधायच्या, त्यांना भोकं पाडायची, खाचा मारायच्या, लेथवर फिरवायच्या, पॉलिश पेपरनं घासायच्या, आणि प्रत्येक वेळी भिंग घेऊन दोष शोधायचे. सागाशी ताडून बघायचं आणि श्रेणी लिहायची.

"मी पण टेस्टरच आहे," मी म्हणाले. "सॉफ्टवेअरची."

अण्णांना इतका आनंद झाला, की त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. "म्हणजे आपण एकाच धंद्यातले! लोकांनी केलेलं मोडून बघायचं!"

त्या दिवसापासून मी त्यांची सहकारी झाले.

अण्णांकडे गाडी नव्हती, पण बेसमेंटमध्ये पार्किंगची जागा होती. तिथे गाड्यांच्या रांगेत, एका लाल गाडीच्या आणि एका पांढऱ्या गाडीच्या मधे, निलगिरीच्या फळ्यांची थप्पी होती. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये बारीक पट्ट्या, हवा खेळायला. वर वाळूची पोती, फळ्या वाकू नयेत म्हणून. असोसिएशननं नोटीस लावली: पार्किंगमध्ये फक्त वाहनं ठेवावीत. दुसऱ्या दिवशी थप्पीखाली चार छोटी चाकं आली. अण्णांनी सेक्रेटरींना खाली बोलावून थप्पी वीतभर पुढे आणि वीतभर मागे ढकलून दाखवली. सेक्रेटरींनी वाकून चाकं मोजली आणि ते लिफ्टनं वर निघून गेले.

मी विचारलं, "अण्णा, निलगिरीच का? तिच्या तर बांधकामावरच्या बल्ल्या करतात ना? स्लॅबला टेकू द्यायला?"

"तेच की! बल्ल्या आणि कागदाचा लगदा. कोवळं असताना कापतात, आणि मग म्हणतात लाकूड वाकडं होतं, चिरतं. दहावीच्या पोराला पदवीच्या परीक्षेला बसवायचं आणि नापास म्हणायचं." त्यांनी थप्पीतली एक फळी काढून माझ्या हातात दिली. "डोळे मिट."

मी बेसमेंटमध्ये डोळे मिटून उभी राहिले. फळी गार होती आणि वाटली त्याच्या दुप्पट जड. मी हाताची मागची बाजू फिरवली, अण्णा फिरवतात तशी. आधी काहीच लागलं नाही. मग एका जागी बारीक खरखर.

"तिथं!" अण्णा म्हणाले. "तिथं रेषा उलटली. या झाडात एक थर या बाजूला झुकतो, दुसरा त्या बाजूला. जोरात रंधा मारला की उपटतं. पात्याची धार थोडी उभी करायची, कमी कमी घ्यायचं, घाई नाही करायची. मग बघ कसं येतं ते."

खरं सांगते, मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की हा माणूस वेडा नाही. नंतर मी ऑफिसात कीबोर्डवरूनही हाताची मागची बाजू फिरवायला लागले आणि माझ्या नवऱ्यानं काळजीनं विचारलं, सगळं ठीक आहे ना.

एका शनिवारी सकाळी अण्णा दारात उभे. पायात बूट, हातात मेणाचा डबा आणि ब्रश.

"मृणालम्मा, गाडी काढतीस? आनेकलला जायचंय. अक्काची झाडं पाडायला लागलेत."

अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण. आनेकलच्या पुढे तिचं घर आणि थोडी जमीन. वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना अण्णांनी मला सगळी हकीकत सांगितली. एरवी ते बोलताना हात हलवतात. त्या दिवशी दोन्ही हात मेणाच्या डब्यावर होते.

नोकरीत नवीन असताना अण्णा एकदा बसनं अक्काकडे गेले होते. इस्त्रीची पँट आणि बगलेत फाइल. अक्काच्या जमिनीत तेव्हा रागी, म्हणजे नाचणी, व्हायची. विहिरीला पाणी होतं. अण्णांनी तिला सांगितलं, निलगिरी लाव. पाणी घालायला नको, राखण नको, गुरं तोंड लावत नाहीत, सरळ वाढते. भाऊ सरकारी प्रयोगशाळेतला, शिकलेला. अक्कानं रागी काढली आणि झाडं लावली.

"मग?"

"मग विहीर आटली."

"निलगिरीमुळे?"

"आजूबाजूला किती बोअर खोदले ते मोजलं नाही कुणी. ते पण कारण असेल. पण निलगिरी पाणी पिते, हे खोटं नाही. मला लाकूड ठाऊक होतं गे. झाड ठाऊक नव्हतं." मग अण्णा म्हणाले, "विहीर आटली त्या वर्षापासून अक्का माझ्याशी बोलत नाही. अकरा वर्षं झाली. जेवायला घालते. बोलत नाही."

आता नवीन निलगिरी लावायला बंदी आहे. अक्कानं उरलेली झाडंही काढून टाकायची ठरवली होती. ठेकेदाराचा ट्रक आला होता. बाकी सगळी बारीक होती, पण बांधावर दोन जुनी झाडं होती, पहिल्या लागवडीतली, माझ्या कवेत न मावणारी. अण्णांना तीच हवी होती.

आम्ही पोचलो तेव्हा पहिलं झाड आदल्या संध्याकाळी पडलेलं होतं. अण्णा धावतच गेले. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडाजवळ गुडघ्यावर बसले. मध्यापासून कडेपर्यंत चांदणीसारख्या चिरा गेल्या होत्या.

"रात्रभर तोंड उघडं राहिलं," ते म्हणाले. "या झाडाच्या अंगात ताण असतो. उभं असताना तो आवरून धरतं. पाडलं की सुटतो. तोंडाला लगेच मेण लावावं लागतं."

दुसरं झाड दुपारी पडलं. करवत थांबायच्या आत अण्णा ब्रश घेऊन हजर. मी दुसऱ्या टोकाला. दोघांनी दोन्ही तोंडांवर मेण थापलं. माझ्या ऑफिसच्या चांगल्या ड्रेसवर अजून त्याचा डाग आहे.

या सगळ्या वेळात घराच्या पायरीवर एक उंच, वाळकी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. तीच अक्का. मी तिला नमस्कार केला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "त्याला विचार, ते मढं घेऊन कुठं निघाला?"

अण्णा माझ्यापासून चार पावलांवर होते. मी वळून त्यांना विचारलं, "अक्का विचारतायत, हे घेऊन कुठं निघालात?"

"सांग तिला, दार करतो. तिच्या दाराला वाळवी लागलीय."

मी वळले. "अण्णा म्हणतायत, तुमच्यासाठी दार करणार."

"सांग त्याला, माझ्या घरात ते झाड येणार नाही."

"सांग तिला, घरात कुठं येतंय? दार तर उंबऱ्यावरच राहतं की."

अक्काच्या तोंडाचा एक कोपरा हलला. लगेच तिनं तो जागेवर आणला. "सांग त्याला, वाकडं होणार."

अण्णांनी मान वर केली. "सांग तिला, एक पावसाळा बघ. वाकडं झालं तर मी स्वतः फोडून तुझ्या चुलीत घालीन."

"सरी," अक्का म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं दोन ताटं आली. अण्णांच्या ताटात रागी मुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचे उकडलेले गोळे, जरा मोठे होते. मी बघितलं.

आनेकल रोडवरच्या सॉ मिलमध्ये अण्णांनी तिथल्या माणसाला ओंडका कसा कापायचा ते अर्धा तास समजावलं. एकाच बाजूनं कापत गेलं की उरलेलं लाकूड धनुष्यासारखं वाकतं. म्हणून एक काप इकडून, एक समोरून, ओंडका फिरवत. मधला गाभा टाकून द्यायचा. तो माणूस कंटाळून म्हणाला, "सार, निलगिरीला कोण एवढं करतं?" अण्णा म्हणाले, "कोणी करत नाही म्हणूनच ती बदनाम आहे."

फळ्या बेसमेंटमध्ये आल्या, चाकांवर चढल्या आणि सावकाश वाळू लागल्या. सावकाश म्हणजे किती? मी तीन महिन्यांनी विचारलं, अण्णा म्हणाले, स्वल्प थांब. सहा महिन्यांनी विचारलं, स्वल्प थांब. दर रविवारी ते एक छोटा तुकडा वजनकाट्यावर ठेवायचे आणि वहीत आकडा लिहायचे. आकडा उतरायचा थांबला, तेव्हा वर्ष होत आलं होतं.

मग काम सुरू झालं. लेथवर अण्णांनी आधी दाराची मूठ केली. निलगिरी लेथवर इतकी गुळगुळीत उतरते, की ती मूठ मी दिवसभर खिशात घालून फिरले. भोकंही स्वच्छ पडली, कडा न फुटता. रंधताना मात्र अण्णा माझ्याशीसुद्धा बोलायचे नाहीत. पातं घासायचं, चार हात मारायचे, परत घासायचं. हे लाकूड धार खातं. दोन फळ्यांवर तंतू उपटले. त्या त्यांनी बाजूला ठेवल्या आणि वहीत लिहिल्या.

तिसरी फळी मी घालवली. अण्णा पाणी प्यायला गेले होते. मला वाटलं, एक खिळा तर आहे. भोक न पाडता हातोडी मारली. फट्ट. फळी वरपासून खालपर्यंत उभी चिरली. अण्णा आले. त्यांनी चीर बघितली, मला बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील.

"वही घे," ते म्हणाले. "लिही. आधी भोक न पाडता खिळा मारल्यास लाकूड फुटतं. खात्री करून घेतली. खाली सही कर, टेस्टर म्हणून."

मी सही केली.

पावसाळ्याच्या आधी दार तयार झालं. गुलाबी झाक असलेलं तपकिरी, एका फळीच्या खाचेत दुसरीचं कुसू, म्हणजे जीभ, घालून जोडलेलं, समोरून बघितलं की पाण्यावर ऊन पडावं तसं चमकणारं. मी विचारलं, "कितवी श्रेणी?" अण्णा म्हणाले, "ते मी नाही सांगणार. यावेळचा परीक्षक दुसरा आहे."

टेम्पोत घालून नेलं. अक्का पायरीवरच उभी होती. अण्णांनी जुनं दार काढलं. ते हातातच मोडलं, इतकी वाळवी. नवं दार बिजागरीला लावताना अण्णांनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं, म्हणून स्क्रू मी पिळले. या वेळी आधी भोकं पाडून. दार बसलं. अण्णांनी एका बोटानं ढकललं. ते आवाज न करता मिटलं.

अक्कानं लांबूनच बघितलं. मला म्हणाली, "त्याला सांग, पाऊस तर येऊ दे."

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला. बेसमेंटमध्ये पाणी शिरलं, अंडरपास तुंबला, आमच्या बाथरूमचं दार फुगून मिटेनासं झालं. अण्णा रोज सकाळी आमच्याकडे येऊन ते बाथरूमचं दार उघडून-मिटून बघायचे आणि निघून जायचे. आनेकलला जाऊ म्हटलं की म्हणायचे, नको, पावसाळा संपू दे. परीक्षा चालू असताना वर्गात जात नाहीत.

पाऊस थांबला आणि चार दिवसांनी मला फोन आला. अक्का.

"मृणालम्मा, त्याला सांग. दार लागतंय. घासतंय खाली."

मी अण्णांना सांगितलं. ते खुर्चीत बसले. मग उठून रंधा आणि बाकी हत्यारं पिशवीत घातली. वाटेत एकदाच म्हणाले, "चूल तिनं पेटवून ठेवली असेल."

अक्का पायरीवर नव्हती, घरात होती. दार मिटलेलं होतं. अण्णांनी ते लोटलं. ते उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मग त्यांनी खिशातून बसचं एक जुनं तिकीट काढलं, दार मिटून घेतलं आणि ते तिकीट दाराच्या आणि चौकटीच्या मधल्या फटीत सरकवलं. वरून खाली आलं, खालून आडवं गेलं, वरच्या कडेनंही फिरलं. कुठेही अडलं नाही. पुन्हा एकदा फिरवलं. कुठेच अडलं नाही. गुडघ्यावर बसून त्यांनी जमिनीवर घासल्याची खूण शोधली. खूण नव्हती.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात दार आतून उघडलं. अक्का उंबऱ्यावर उभी. मी आपोआप दोघांच्या मधे सरकले, निरोप पोचवायला.

अक्कानं मला हातानं बाजूला केलं.

"अमृता," ती म्हणाली, "लागतंय की नाही रे?"

अण्णा गुडघ्यावरच होते. त्यांना उठायला वेळ लागला. उठून त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला.

"लागतंय की, अक्का. स्वल्प लागतंय."

"मग घास की."

अण्णांनी दार बिजागरीवरून काढलं आणि पायरीवर आडवं टेकवलं. पिशवीतून रंधा काढला. मी जवळच होते, म्हणून मला दिसलं. त्यांनी हातोडीनं मागून दोन टिचक्या मारल्या आणि पातं आत घेतलं. अगदी आत, लाकडाला टेकणार नाही इतकं. मग दाराच्या खालच्या कडेवरून रंधा फिरवायला लागले. एक हात, दुसरा हात, सावकाश, मन लावून. नुसता सुं सुं आवाज. अक्का पायरीवर शेजारी बसली. तुझ्या जावयाचं काय चाललंय, गुडघ्याला कुठलं तेल लावतोस, बस कितीला मिळते, असं एकेक विचारत राहिली. अण्णा उत्तर देत राहिले आणि रंधा चालवत राहिले. मला कुणी काही सांगायला सांगितलं नाही.

बऱ्याच वेळानं दार परत बसवलं. अक्कानं ते उघडलं, मिटलं, ऐकलं.

"आता बरं आहे," ती म्हणाली. "पण पुन्हा लागेल. पुढच्या रविवारी येऊन बघ."

"येतो की," अण्णा म्हणाले.

जमिनीवर एक सालपटसुद्धा पडलं नव्हतं. अक्का आत गेली, केरसुणी घेऊन आली आणि वाकून अण्णांच्या पायांशी ती स्वच्छ जागा झाडू लागली. अण्णांनी पाय उचलून तिला जागा करून दिली.